जू ज्या खांद्यावर, तूप त्या खांद्याला

पत्र

ताई, नमस्कार. माझं वय ४३. यवतमाळ जिल्ह्यात सात एकर वावर आहे, त्यातलं तीन एकर ओलिताचं. घरी बाबा, बायको, नववीतली मुलगी आणि लहान मुलगा. यंदा सोयाबीन ओलाव्यापायी खरेदी केंद्रावरून परत आणावं लागलं. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण बाजारात त्याच्या कितीतरी खाली द्यावं लागलं. सोसायटीचं कर्ज आहे, साळ्याकडून घेतलेले पैसे आहेत. कापूस वेचायला बाया वेळेवर मिळत नाहीत. बाबांना कितीदा सांगितलं जागलीला जाऊ नका, तरी रात्रभर पीक राखायला जातात आणि पहाटे खोकत येतात. मी घरी आलो की भाजीतलं मीठ, अंगणातला पसारा, पोराच्या हातातला मोबाईल, सगळ्यावर बोलत सुटतो. रात्रीच्या लाईनीवर, म्हणजे रात्री वीज येते तेव्हा, ओलित करून आलो तर बायको उठून चहा ठेवते, मी त्यातही साखर कमी म्हणतो. परवा ती म्हणाली, "तुमाले सारं खराबच दिसते. तुम्ही घरी आले की घर चूप होते." ते फार लागलं. मुलीच्या शाळेत रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायला सांगितल्या आहेत. तिचं पाहून मीही लिहिल्या. पाऊस आला, जेवण मिळालं, तब्येत बरी आहे. आठवडाभरात तेच ते यायला लागलं, सोडून दिलं. कर्ज डोक्यावर असताना आभार कशाचे मानायचे? आणि कोणाचे आभार मानले की त्याचं मिंधं झाल्यासारखं वाटते. तरी ही सवय लावायची आहे. कशी लावू? मुलीनंही वही सोडली, तिला काय सांगू?

(पत्रलेखकाच्या सांगण्यावरून नाव-गाव दिलेलं नाही. पत्र थोडं कमी केलं आहे.)

उत्तर

भाऊ,

बायकोचं बोलणं लागलं आणि तरी तुम्ही तिच्यावर उलटला नाहीत, कागद घेऊन बसलात. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. सवय कशी लावायची ते सांगते, पण त्याआधी तुमच्या नजरेबद्दल थोडं बोलू.

शेतकऱ्याची नजर खोट शोधायलाच तयार झालेली असते. सकाळी वावरात पाय टाकला की चांगली उभी असलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तुमच्या लक्षातही येत नाही. लक्षात येते ती डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेलं फूल, आकसलेलं पान, रात्री डुकरांनी उकरलेला धुऱ्याजवळचा तुकडा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस आतून पोखरला, तेव्हापासून तर बोंड वरून कितीही चांगलं दिसलं तरी फोडून पाहिल्याशिवाय कोणी विश्वास ठेवत नाही. ठेवूही नये. या नजरेवर तुमचं घर चालतं. अडचण एवढीच की संध्याकाळी तीच नजर तुमच्याबरोबर घरात येते आणि भाजीतल्या मिठावर जाऊन थांबते.

म्हणून "चांगलं तेवढं पाहा" असा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. दिवसभर बिघाड हुडकणाऱ्या माणसाला असं सांगून काही होत नाही, उलट आपण यातही कमी पडलो अशी एक नवी खंत वाढते. दिवसातली एक वेळ ठरवून त्या वेळेपुरतं दुसरीकडे पाहायचं, एवढं मात्र जमण्यासारखं आहे. ते दुसरीकडे म्हणजे कुठे, हे तुमच्याच पत्रात आहे.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाबांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, तीही तक्रारीची. सांगूनही जागलीला जातात आणि खोकत येतात. आता ही ओळ जरा थांबून बघा. म्हातारा माणूस अंगावर घोंगडं घेऊन थंडीत मचाणावर बसतो. रानडुकरांचा कळप तुरीत शिरला, रोही, म्हणजे नीलगाई, हरभऱ्यात उतरले, की डबा वाजवतो, आरोळी देतो, बॅटरीचा झोत फिरवतो. कशासाठी? तुम्ही दिवसभर राबून रात्री लाईनीची वाट पाहता, निदान तुमची एक रात्र तरी झोपेची जावी म्हणून. हे त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं नसेल. त्या पिढीचे बाप असं सांगत नाहीत, उठून जागलीला जातात. ज्या ओळीत तुम्हाला हट्टीपणा दिसला, तिच्यात मला तुमच्या घरातली सगळ्यात मोठी माया दिसली.

साळ्याच्या पैशांचंही तसंच. सोसायटीचं कर्ज आणि त्याचे पैसे तुम्ही एकाच दमात लिहिलेत. व्याजाचा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा बिनव्याजी दिले असतील. त्यानं ते कुठून काढले, त्याच्या घरात त्यावरून काय बोलणं झालं, हे तुम्ही कधी विचारलंत का? आणि वेचणीच्या बाया वेळेवर मिळत नाहीत हे खरं, पण जेव्हा येतात तेव्हा कमरेला ओटी बांधून उन्हात वाकून त्याच कापूस घरी आणतात. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात. वेचणीचा हंगाम संपेपर्यंत त्यांची बोटं नखांच्या कडेनं फाटलेली असतात. चहाचं तर तुम्ही स्वतःच लिहिलंत.

आता तुमची वही घ्या. पाऊस आला. जेवण मिळालं. तब्येत बरी आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या, पण त्यांत माणूस कुठेच नाही. जेवण मिळालं असं लिहिलंत, चुलीपुढे बसून भाकर थापणारी त्यात आली नाही. वही आठवडाभरात आटली ती यामुळे. पाऊस, जेवण, तब्येत यांत रोज नवं काय सांगणार? माणसं मात्र रोज काहीतरी वेगळं करत असतात. आज बायकोनं मुलाचा ताप उतरेपर्यंत जागरण केलं, उद्या शेजाऱ्यानं तुमची मोटर बंद पडलेली पाहून फोन केला, परवा एसटीच्या कंडक्टरनं मुलीसाठी गाडी दोन मिनिटं थांबवली. हे कधी संपत नाही.

आणि हे आपल्याला कोणी नव्यानं शिकवायची गरज नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी आठवा. बैलांना नाल्यावर धुऊन आणतात. संध्याकाळी हळद आणि तूप घेऊन बैलाजवळ जातात. पाठ थोपटून, शिंगांना हात लावून काम भागत नाही. वर्षभर जू जिथे टेकलं, जिथे केस झडून कातडीला घट्टा पडला, नेमका तोच भाग शोधून शेकतात, हळदतूप चोळतात. चोळणाऱ्याच्या हाताला कळतं, डाव्या बैलाचा घट्टा जास्त कडक आहे, यंदा त्याच्यावर भार जास्त पडला. मग त्याला म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत, पुरणपोळीचा घास आधी त्याला देतात. तुमच्याकडे आज बैलजोडी आहे की ट्रॅक्टरवर भागतं, मला ठाऊक नाही. पण लहानपणी बाबांच्या शेजारी उभं राहून तुम्ही हे केलंच असणार.

कृतज्ञता म्हणतात ती मला तरी हीच वाटते. भार कोणाच्या खांद्यावर होता ते ओळखायचं, नेमक्या जागी हात लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो भार थोडा कमी करायचा. जनावरासाठी आपण हे वर्षातून एकदा इतकं नीट करतो. घरातल्या माणसांसाठी रोज थोडंथोडं करायचं आहे.

रोज म्हणजे कधी, ते आता ठरवू. वावरातून आल्यावर तुम्ही घरात शिरण्याआधी हातपाय धुतच असाल. ती वेळ धरा. पायावर पाणी घेताना मनात एकच प्रश्न विचारायचा, आज माझ्या वाट्याचा भार कोणी उचलला? एक माणूस आठवला की पुरे. तो घरातलाच असला पाहिजे असं नाही. मग चहाच्या किंवा जेवणाच्या वेळी, घरात पहिली खोट काढायच्या आधी, त्याबद्दल एक वाक्य बोलायचं. भाजीत मीठ कमी असेल तर तेही सांगा, पण दुसऱ्यांदा. हा क्रम मोडू नका, माझ्या मते तुमच्या घरासाठी सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

नव्या सवयीला जुन्या, ठरलेल्या वेळेला बांधायचं याला आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी एखादी साधी गोष्ट, जसं जेवणाबरोबर फळ खाणं, रोजच्या एका ठरलेल्या प्रसंगाला जोडून करून पाहिली. ती न आठवता, आपसूक व्हायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवसांतच जमलं, तर कोणाच्या बाबतीत हिशोब २५४ दिवसांपर्यंत गेला. मध्येच एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कापसाच्या पहिल्या वेच्यापासून तूर निघेपर्यंतचा काळ धरा. तुम्ही आठवडाभरात स्वतःला नापास करून टाकलंत, ते फार लवकर झालं.

वाक्य कसं असावं? "सगळ्यांचे आभार", "तुम्ही आहात म्हणून मी आहे" अशी लग्नपत्रिकेतली भाषा घरात बोलू नका, बायकोला अवघडल्यासारखं होईल आणि तुम्हालाही. काय केलं आणि त्यानं तुमचं काय हलकं झालं, तेवढंच बोला. "तू रातच्यानं उठून चहा ठेवला, थंडीत लय बरं वाटलं." "बाबा, यंदा तूर राहिली ते तुमच्या जागलीनं." मुलाला, "त्वा ढोरांना पाणी दाखवलं, माझी एक खेप वाचली." नेहमी बोलता तसं बोला, फक्त ते खरं असू द्या आणि नेमकं असू द्या. ज्या दिवशी मनात काहीच आलं नाही, त्या दिवशी गप्प बसा. खोटं बोललेलं घरच्यांना लगेच कळतं.

पहिल्यांदा बोलाल तेव्हा बायको कदाचित थबकेल. "आज काय झालं?" असं विचारेल. कदाचित तिच्या डोळ्यांत पाणी येईल, कदाचित उलट जुनं काहीतरी बाहेर काढेल, इतक्या वर्षांत आजच दिसलं का, म्हणून. त्या वेळी स्वतःची बाजू मांडू नका. ऐका. तिचा घट्टा तिथे आहे, असं समजा. आणि बोलायला जीभ रेटत नसेल तर एक गोष्ट सांगते. अमित कुमार आणि निकोलस एपली या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये लोकांना आपल्यावर उपकार केलेल्या माणसाला पत्र लिहायला सांगितलं, आणि ते वाचून समोरच्याला कसं वाटेल याचा आधी अंदाज विचारला. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की त्या माणसाला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना तितकं अवघडलं नाही, आणि आनंद मात्र अंदाजापेक्षा कितीतरी जास्त झाला. अवघडलेपण बोलणाऱ्याकडेच जास्त असतं, भाऊ. ते चार-सहा वेळा सोसावं लागेल.

वही पूर्ण सोडू नका, पण रोज लिहूही नका. आठवडी बाजाराच्या दिवशी लिहा. सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहा आठवडे दोन गटांकडून अशी नोंद करून घेतली. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना बरं वाटू लागलं, तीनदा लिहिणाऱ्यांना तसा फरक पडला नाही. रोजरोज लिहिलं की हात लिहितो आणि मन दुसरीकडे असतं, तुमचा अनुभव काही वेगळा नाही. बाजारातून आल्यावर दहा मिनिटं बसा, आठवडाभरातली माणसं आठवा, आणि एकेकाबद्दल दोन ओळी नीट लिहा. पाच आठवली तर पाच, दोन आठवली तर दोन.

बाजाराचा दिवस मी मुद्दाम निवडला, कारण मजुरी त्याच दिवशी द्यायची असते. वेचणीच्या बायांबद्दल वहीत कितीही छान लिहिलं आणि त्यांचा चुकारा पुढच्या बाजारावर ढकलला, तर त्या लिहिण्याला अर्थ नाही. त्यांचा चुकारा आधी करा, बाजाराला जायच्या आत, म्हणजे त्यांना तेल-तिखट घेता येईल. संध्याकाळी काटा करताना ओल आहे म्हणून किलो कापू नका. वावरात पिण्याचं पाणी गार राहील अशी सोय करा. पहिल्या वेच्याआधी आपण वावरात सीतादही करतो, दहीभाताचा नैवेद्य पऱ्हाटीला दाखवतो. तो घास ज्या हातांनी कापूस येणार त्यांच्यापर्यंतही पोचायला हवा. बाया वेळेवर मिळत नाहीत या तुमच्या तक्रारीवरचा अर्धा उपायही यातच आहे. कोणाच्या वावरात काटा सरळ असतो हे बायांना पक्कं माहीत असतं.

आता तुमचा सगळ्यात कठीण प्रश्न. कर्ज डोक्यावर असताना आभार कशाचे मानायचे?

कर्जाचे मानायचे नाहीत. पडलेल्या भावाचे तर अजिबात नाहीत. "जे आहे त्यात समाधान मानावं" असं कोणी तुम्हाला सांगत असेल, तर त्या माणसाचं ऐकू नका. सोयाबीन परत आणावं लागलं त्याचा राग तुमच्याकडे राहू द्या, आणि तो योग्य जागी न्या. पुढच्या वेळी माल नेण्याआधी ओलावा मोजून घ्या, बारा टक्क्यांच्या वर असेल तर वाळवूनच न्या. केंद्रावर काही चुकीचं झालं असेल तर लेखी तक्रार द्या, गावातल्या चार जणांना बरोबर घ्या. पीकविम्याची भरपाई, अनुदान, हमीभाव हा तुमचा हक्क आहे. हक्काचे पैसे खात्यात आले म्हणून कोणाच्या पाया पडायचं कारण नाही. कृषी केंद्रवाल्यानं उधारीवर बियाणं दिलं आणि त्याची किंमत वाढवून लावली, तर तो व्यवहार झाला, त्याचं ओझं मनावर घेऊ नका.

पण आज काय होतं आहे ते पाहा. भाव व्यापाऱ्यानं पाडला आणि त्याची झळ बसली भाकर थापणाऱ्या बाईला. राग ज्याच्यावर काढायचा त्याच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून जवळच्यावर निघतो. कृतज्ञता राग मिटवत नाही. राग कोणावर आहे आणि कोणावर नाही, एवढं ती वेगळं करून दाखवते, आणि तुमच्या घराला याचीच गरज आहे.

आणि अडचणीतल्या माणसाला हे जमतं का, तर जमतं. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांच्या २००३ च्या अभ्यासात एक गट असा होता, ज्यातल्या लोकांना स्नायू आणि मज्जातंतूंचा कायमचा आजार होता. त्यांनी २१ दिवस रोज आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते लिहिलं. आजार गेला नाही. पण मन जास्त प्रसन्न राहू लागलं, झोप वाढली, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटू लागलं. आणि हा फरक त्यांच्या नवराबायकोंनाही दिसला, हे मला तुमच्या बाबतीत जास्त मोलाचं वाटतं. त्यांनी रोज लिहिलं आणि मी तुम्हाला आठवड्यातून एकदा सांगते, यात गोंधळू नका. ते तीन आठवड्यांचं काम होतं, आपल्याला वर्षानुवर्षं टिकवायचं आहे.

मिंधेपणाचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, याबद्दल माणसं सहसा बोलत नाहीत. गावात उपकाराची आठवण करून देणारे लोक असतातच. "मी होतो म्हणून तुझं बियाणं पडलं" असं चारचौघांत ऐकवलं जातं, आणि मग माणूस कोणाचं काही मानायलाच घाबरतो. पण मिंधेपण येतं ते उपकार मनात दडपून ठेवल्यानं. तोंडानं मोकळेपणी सांगितलं आणि आपल्या परीनं काही केलं की मान ताठ राहते. आपल्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत, गाव झाडत. लोकांनी दिलेली भाकर ते खात, पण कोणाचे मिंधे झाले नाहीत. साळ्याचे पैसे आज फेडता येत नसतील तर त्याला फोन करून एवढं म्हणा, "तुझे पैसे माझ्या ध्यानात आहेत, तूर निघाली की एवढे देतो, आणि त्या वेळी तू दिले म्हणून माझी पेरणी झाली." रक्कम आणि वेळ दोन्ही सांगा. त्याच्याकडे सोंगणी असेल तर दोन दिवस जाऊन या. आज त्याच्या घरी जायला तुम्हाला जड जात असेल, या फोननंतर तेवढं जाणार नाही.

एक मात्र सांभाळा. तुम्ही चांगलं बोलू लागलात म्हणून घरच्यांनीही तुमच्या कष्टाची दखल घ्यावी, अशी अपेक्षा पहिल्या महिन्यात धरू नका. "मी एवढं म्हणतो, तुम्हाला माझी किंमत नाही" हे वाक्य तोंडातून निघालं की आधीचं सगळं व्यर्थ जातं. घर इतके दिवस चूप होतं, बोलायला त्याला वेळ लागेल.

बाबांचं काम मात्र थांबवू नका. त्यांना जागलीला जाऊ नका असं सांगणं सोडा, ते ऐकणार नाहीत, कारण त्या वावरात आपला उपयोग आहे हे त्यांना जागलीतच वाटतं. एक आड एक रात्र तुम्ही जा, किंवा शेजारच्या वावरवाल्यांशी बोलून पाळ्या लावा. ज्या रात्री ते जातील त्या रात्री थर्मासमध्ये चहा आणि कानाला मफलर द्या. खोकला दोन आठवड्यांच्या वर चालला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन बेडका तपासून घ्या, ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. जमलं तर संध्याकाळी त्यांच्याबरोबर सामुदायिक प्रार्थनेला जाऊन बसा. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभारलं, आणि विदर्भातल्या गावोगावी गुरुदेव सेवा मंडळाची ती प्रार्थना आजही होते. तुमच्या गावात होत असेल तर बापाशेजारी मांडी घालून बसायला यापेक्षा सोपी जागा मिळणार नाही. तिथे काही बोलावंही लागत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही, तरी विचारते. झोप लागते का? कशातच मन लागत नाही, भूक मेली आहे, आपण नसलो तर बरं असं मनात येतं, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल, तर वही आणि चांगलं बोलणं यानं भागणार नाही, आणि त्यात तुमचा काही दोषही नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात, त्यांनाही दाखवता येतं. बायकोला सांगून जा, लपवून नको.

राहिली मुलगी. तिला वहीसाठी रागवू नका, तुमच्यासारखीच तीही त्याच त्या ओळींना कंटाळली असणार. तिला म्हणावं, रोज तीन गोष्टी राहू दे, आठवड्यातून एका माणसाला जाऊन विचार की तू हे काम कसं करतोस, आणि ते लिहून आण. पहिल्या आठवड्यात आजोबांना विचारू दे, रात्री डुकरं कोणत्या बाजूनं येतात आणि ती आलेली अंधारात कशी कळतात. मग लाईनमनला, आशाताईला, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशीला. वही शाळेनं लिहायला सांगितलेली आहे, तर तिच्या वर्गशिक्षकांना तुम्ही स्वतः एकदा भेटून सांगा की पोरगी असं लिहिणार आहे. ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

तुमची,
ताई